हत्ती दरवाज्याची बत्ती

सादिकनं आपल्या सख्ख्या भावाच्या कानाखाली आवाज काढला तो भर बाजाराच्या दिवशी, हत्ती दरवाज्याच्या कमानीखाली, सगळ्या कोटपेठच्या डोळ्यांदेखत. वांगी निवडणाऱ्या बायांचे हात टोपलीतच थांबले. अजीम म्हणजे काही लेकरू नव्हे, सव्वीस वर्षांचा लग्न झालेला घोडा. त्याच्या हातातली हॅलोजनची पेटी दगडावर पडली आणि आतल्या काचेचा चुरा झाला. मग त्यानंही मागचापुढचा विचार केला नाही. थोरल्या भावाची गचांडी धरून त्यानं त्याला दरवाज्याच्या दगडावर असं आदळलं की सादिकच्या डोक्यामागून रक्त निघून मानेवर आलं.

"तू माहा बाप नोहोस!" अजीम किंचाळला.

"बाप असता तं त्यानं तुले इथीच गाडलं असतं!" सादिक ओरडला. "या दरवाज्यावर हॅलोजन लावतं बे? मरतं काय?"

चार माणसांनी ओढून दोघांना वेगळं केलं. भाऊ भाऊ भांडतात, वावरावरून भांडतात, बायकांवरून भांडतात, त्यात नवल ते काय? पण बत्तीवरून एकमेकांची डोकी फोडणारे भाऊ कोटपेठनं पहिल्यांदाच पाहिले. आणि सांगतो ना, त्या दिवशी सादिकचं काहीएक चुकलं नव्हतं. चुकलं ते नंतर.

कोटपेठ म्हणजे सावली आणि आरमोरीच्या मधलं, वैनगंगेकाठचं धानाचं गाव. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं, एवढंच. गोंड राजाच्या वेळचा परकोट कधीचाच ढासळला आणि लोकांनी त्याचे दगड आपापल्या घराच्या जोत्याला लावले. दरवाजा तेवढा उभा राहिला. अंबारीसकट हत्ती जाईल एवढी उंच कमान, आणि दिवाळी झाली की त्या कमानीच्या पोटात आग्या मोहोळं लागायची. एक-दोन नाही हो, बारा-पंधरा! सुपाएवढी काळी मोहोळं, उन्हाळ्यापर्यंत लटकलेली. दिवसा खालून बैलबंड्या जायच्या, अख्खा बाजार जायचा, माशी कोणाच्या वाटेला जात नसे. अंधार पडल्यावर उजेड दाखवला की मात्र खेळ खलास. आग्या माशी उजेडावर तुटून पडते, आणि उजेडाशेजारी जो असेल त्याच्यावरही.

म्हणून गावात एक रीत होती. संध्याकाळची वरात दरवाज्याला आली की पन्नास पावलं अलीकडेच सगळ्या गॅसबत्त्या विझवायच्या. बँड बंद, बोलणं बंद. नवरा-नवरी काळोखात हातात हात घालून कमानीखालून जायचे आणि पलीकडे पन्नास पावलांवर बत्त्या पुन्हा पेटायच्या. कोणी म्हणायचं राणीचा शाप आहे, कोणी म्हणायचं वर पीर झोपला आहे. नवरदेवाला ती शंभर पावलं फार आवडायची, हे मात्र कोणी बोलून दाखवत नसे. खरं कारण बत्तीवाल्यांना ठाऊक होतं. सादिकच्या घराण्यानं तीन पिढ्या डोक्यावर बत्त्या वाहिल्या होत्या. 'दरवाजा आला, विझव' हा शब्द सादिकच्या हाडात मुरला होता. जनरेटर आले, बत्त्यांचा धंदा बसला, सादिक वायरमन झाला, तरी दरवाज्याखालून जाताना तोंडातली बिडी तो आधी विझवायचा.

सन दोन हजार पाच उजाडलं आणि नगरपालिकेला दरवाज्याच्या रोषणाईसाठी निधी आला. नागपूरहून साधना मॅडम आल्या. जुन्या इमारतींना कसा उजेड द्यायचा, हेच त्यांचं शिक्षण. सादिकला आधी हसू आलं, उजेडाचंही कॉलेज असतं काय बाप्पा! पण बाई पाण्यासारखी सरळ निघाली. तीन संध्याकाळी ती त्याच्यासोबत दरवाज्याशी उकिडवी बसली, वरातीची रीत ऐकून वहीत लिहून घेतली आणि म्हणाली, "सादिकभाऊ, डिझाइन तर तुमच्या गावानं आधीच करून ठेवलंय. मी फक्त काढते." मग दोघांनी मिळून नकाशा केला. अकरा-अकरा वॅटचे वीस छोटे दिवे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून केलेल्या टोपणाखाली. उजेड खाली पायवाटेवर आणि माणसाच्या उंचीइतक्या दगडावर. वरची कमान काळोखात, माश्यांची आणि वटवाघळांची. दहा वाजता सगळं आपोआप बंद. सगळे वीस दिवे मिळून एका हॅलोजनच्या पाव हिश्श्याइतकीही वीज खाणार नव्हते. सादिकनं घरी एक टोपण करून पाहिलं, भिंतीला लावलं, आणि त्या पिवळ्या उजेडात आपलंच घर त्याला शाही वाटलं.

नकाशा फायलीत गेला आणि दरवाज्यावर हॅलोजन आले. उपाध्यक्ष गुणवंतराव म्हणाले, "गुडघ्यावर दिवे? दरवाज्याले काय कुत्रं समजता? उजेड असा पाहिजे की सावलीच्या स्टँडवरून दिसला पाहिजे!" हजार-हजार वॅटचे बारा हॅलोजन, सगळ्यांची तोंडं वर. ठेका गुणवंतरावांच्या पुतण्याच्या, अजयच्या नावानं. उद्घाटन पुढल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीला, मंत्र्याच्या हातून. त्या दिवसांत गावाला अकरा-अकरा तास लोडशेडिंग. धानाचे ढोले भरून पडलेले आणि राइस मिल बंद, पोरं कंदिलावर अभ्यास करून राह्यलेली. असल्या गावात बारा हजार वॅट दगडाला! लोक आतल्या आत जळत होते. पण गुणवंतरावांपुढे बोलायची छाती कोणाची?

आणि त्या कामावर वायरमन म्हणून कोण, तर अजीम. मचाण बांधून कमानीच्या पोटात दिवे बसवायचे आणि नंतर नगरपालिकेत परमनंट, असा शब्द गुणवंतरावांनी त्याला दिला होता. बाजारात थापड पडली ती यावरून.

थापडीनं भागलं नाही म्हणून सादिकनं दुसऱ्या दिवशी पहाटे हॅलोजनची केबल चार जागी तोडली. दुपारी तो चहाच्या टपरीवर बसलेला असताना अजय तीन पोरं घेऊन आला. अजय म्हणजे दंड फुगवलेला, गळ्यात साखळी, काकाच्या जिवावर गुरगुरणारा माणूस. गाव त्याला मागून शिव्या द्यायचं आणि समोरून भाऊ म्हणायचं.

"काऊन सादिकभाऊ, सरकारी केबल कापली म्हंते तुम्ही?"

"कापली. पुन्हा लावली तं पुन्हा कापन."

अजयनं उकळता चहा उचलून त्याच्या छातीवर फेकला. सादिक उठेपर्यंत तिघांनी त्याला बाकड्यावर उलटा दाबला. अजयनं त्याचा डावा हात टपरीच्या कठड्यावर धरला आणि नटबोल्टाच्या पान्यानं दोन बोटांवर घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज टपरीवाल्यानं ऐकला आणि त्यानं स्टोव्हला जोरजोरानं पंप मारायला घेतला, ऐकू येऊ नये म्हणून.

"उजव्या हाताचे ठेवले," अजय म्हणाला. "जेवाले लागन."

त्या दिवसापासून सादिकच्या डोक्यात अजय बसला. तो भात खायचा तर अजय दिसे, नमाजाला उभा राहायचा तर अजय दिसे. अल्ला माफ करो, सजद्यात कपाळ टेकवलेलं असतानाही तो अजयचं तोंड कसं फोडायचं याचा हिशेब करायचा.

अजीमची बायको जाहिदा हळदीचं दूध घेऊन आली, तेव्हा सादिक ओट्यावर हात गळ्यात बांधून बसला होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बोलायला फटकळ पोरगी, जेठासमोर पदर घेऊनही तिची जीभ काही पदरात मावत नसे.

"भाईजान, मले नोकरी नोको, काही नोको. मले माहा माणूस पाहिजे. तुम्ही दोघं खुशाल डोकी फोडा एकमेकाइची, पण त्याले त्या मचाणावरून उतरवा."

"माहं ऐकतं काय तो?"

"थापडा माराल तं काहाले ऐकन? बोलून पाहा ना कधी."

सादिकला लाज वाटली. त्याच संध्याकाळी तो अजीमशी बोलला. खरं बोलणं झालं, बऱ्याच वर्षांनी. अजीमनं त्याची मोडलेली बोटं पाहिली आणि तोंड दुसरीकडे केलं. "भाऊ, किती दिवस लोकाइच्या वरातीत जनरेटरची बत्ती घेऊन उभा राहू मी? एकदा परमनंट होऊ दे." मग त्यानं आपला बेत सांगितला. आलापल्लीकडचा पोचू, मध काढणारा, पंचवीस तारखेला दुपारी येणार, धूर देऊन मोहोळं उठवणार. त्यानंतरच बत्ती लागणार. पोचू येऊन जाईपर्यंत मेन स्विचला कोणाचा हात लागणार नाही, असं गुणवंतरावांनी कबूल केलं होतं.

सादिकला ते मोहोळं उठवणंही आवडलं नाही. पण भावाचा जीव आधी. त्यानं जाहिदाला बोलावून सांगितलं, "ऐक, तुह्या माणसाले मी जिता घरी आणून देईन. मंग तू त्याले मार नाई तं पूज." ती हसली. घरात कितीक दिवसांनी कोणी हसलं होतं.

चोवीस तारखेला संध्याकाळी साडेसहाला लाइट आली. सादिक घरात एका हातानं मिक्सर दुरुस्त करत होता. खिडकीबाहेर पाहिलं तर छपरांच्या वर आभाळ पांढरं झालेलं. बाजारच्या बाजूला. मिक्सर तसाच टाकून तो अनवाणी पळत सुटला.

झालं होतं असं. सव्वीसला फोटो चांगले यावेत म्हणून गुणवंतरावांना दिव्यांची तोंडं दोन दिवस आधीच नीट लावून हवी होती. आणि तोंड लावायचं तर दिवे पेटलेले पाहिजेत आणि वर माणूस पाहिजे. अजीम मचाणावर स्क्रू आवळत होता. झांजर पडली, हातातलं दिसेना, म्हणून त्यानं दुपट्ट्यानं कपाळाला टॉर्च बांधला होता. तो वरून नको नको म्हणत राहिला आणि गुणवंतरावांनी खालून स्वतःच्या हातानं खटका ओढला. पोचूची वाट पाहायला त्यांना सवड नव्हती म्हणे! हरामखोर.

सादिक चौकात पोचला तोवर बाजार उधळला होता. मोहोळ उठण्याचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळायचं नाही. अख्खी हवा गुरगुरत होती. एक म्हातारी तोंडावर लुगडं ओढून रस्त्यात बसून बोंबलत होती. बैल जू मोडून पळत होते. गुणवंतराव गाडीच्या काचा वर करून केव्हाच पसार झाले होते. बारा हॅलोजन रणरण पेटलेले आणि त्यांच्या काचांवर माश्यांचे काळे थर, जळून खाली पडताहेत, नव्या येऊन बसताहेत. मचाणावर, दिव्यांपासून वीसेक हातांवर, पोत्याखाली काहीतरी हललं. अजीम. जिवंत होता! मचाणाच्या लाकडी बल्लीला धरून तो शिडीकडे सरकत होता, इंच-इंच.

खाली मेन स्विचच्या पेटीला पाठ लावून अजय उभा होता. अंगावर घोंगडं, तोंडावर माश्या, एक डोळा सुजून बंद. सगळं गाव पळालं आणि हा एकटा स्विच राखत उभा. काकाचा कुत्रा काकाच्या दिव्यांची राखण करून राह्यला, एवढंच सादिकला दिसलं.

"सरक!" सादिक ओरडला.

"नोको सादिकभाऊ!" अजयनं दोन्ही हात आडवे केले. "बंद नोको करू! तोच बोलला, अजीमच बोलला, चालू ठेव म्हून! खरं सांगतो, आईची आन!"

खरं! याच्या तोंडून! सादिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं डोकं खाली घालून अजयच्या छातीत धडक दिली. अजय पेटीवर आदळला, पण हटला नाही. त्यानं मारलंही नाही, फक्त सादिकला मिठी घालून धरलं. सादिकनं त्याच्या कानाचा चावा घेतला. रक्ताची चव तोंडात आली आणि त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मिठी सुटली तशी पायाशी पडलेली अर्धी वीट त्याच्या हाताला लागली. त्यानं ती अजयच्या जबड्यावर हाणली. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या घावाला जबडा खालून एका बाजूला गेला आणि अजय तोंडातून लाळ-रक्त गाळत गुडघ्यावर बसला. तरी तो सादिकचा पाय धरून होता. नुसते आवाज काढत होता, शब्द होत नव्हते. सादिकनं त्याच्या बरगडीत लाथ घातली आणि पाय सोडवला.

खटका खाली. शिवाय वायरमनची सवय, कोणी पुन्हा चालू करू नये म्हणून त्यानं फ्यूजची किटकॅट उपटली आणि लांब अंधारात भिरकावून दिली.

हत्ती दरवाजा काळा झाला. सादिकनं श्वास सोडला. विझवली.

तेव्हा वरून अजीमचा आवाज आला. "कोनं बंद केली? अजय! अजय, चालू कर बे! चालू कर!"

सादिकनं वर पाहिलं. सगळ्या काळोखात एकच उजेड उरला होता, अजीमच्या कपाळावरचा टॉर्च. आणि हॅलोजनवरून उठलेली ती सगळी गुरगुर त्या एका ठिपक्याकडे वळली होती.

त्या क्षणी त्याला बाप आठवला. तो दहा वर्षांचा असताना एकदा वरात दरवाज्याच्या फार जवळ गेली होती आणि मोहोळ उठलं होतं. बापानं सातही बत्त्या रस्त्यात पेटत्या ठेवल्या आणि वऱ्हाड घेऊन अंधारात पळाला. 'उठल्यावर विझवायचं नाई रे,' घरी आल्यावर तो म्हणाला होता. 'तिले तिचा उजेड खाऊ द्यायचा.' अजीम तेव्हा जन्मलाही नव्हता. बापानं त्याला कधीतरी सांगितलं असेल आणि त्यानं लक्षात ठेवलं. सादिक मात्र जन्मभर विझवतच आला होता.

तो चिखलात गुडघ्यांवर पडला आणि दोन्ही हातांनी, मोडक्या बोटांनीसुद्धा, किटकॅट शोधू लागला. दगड लागले, शेण लागलं, जळक्या माश्या लागल्या. वर अजीम टॉर्च उपटायला एक हात सोडून धडपडत होता. दुपट्ट्याची गाठ सुटेना. "भाऊ!" अशी एक हाक आली. सादिक खाली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, ती नुसती तोंडातून निघालेली हाक होती. मग त्यानं चेहरा झाकायला दुसराही हात सोडला.

पंचवीस फुटांवरून तो फरसबंदीवर पडला. टॉर्च फुटला नाही, तसाच पेटत राहिला. सादिकनं आपला सदरा त्यावर टाकला, भावाला खांद्यावर घेतलं आणि माश्या अंगावर घेत धावत सुटला. गडचिरोलीच्या वाटेवर जीपमध्ये अजीम मेला. त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की जाहिदानं त्याला हातावरच्या गोंदणावरून ओळखलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून प्रेत मिळालं आणि असरच्या नमाजानंतर माती दिली. सादिक कोणाशी बोलला नाही. लोक येत होते, पाठीवर हात ठेवत होते, "भावासाठी जिवावर उदार झाला माणूस," म्हणत होते. त्यानं अजयशी झुंजून बत्ती विझवली, हे दोघा-तिघांनी दुकानांच्या फटीतून पाहिलं होतं. अजय काय ओरडत होता ते मात्र त्या गुरगुरीत कोणाला ऐकू आलं नव्हतं. अजीमची शेवटची हाकही कोणाला कळली नव्हती. रात्रीत सादिक गावाचा मोठा माणूस झाला.

कब्रस्तानातून परत येताना दरवाज्याशी गर्दी दिसली. शे-दोनशे माणूस. हॅलोजन फोडून त्यांच्या पेट्या पायाखाली तुडवल्या होत्या, मचाण ओढून पाडलं होतं, आणि त्याच्याच बल्ल्या लोकांच्या हातात होत्या. मधोमध अजय. राइस मिलच्या कोंड्याच्या खोलीत लपला होता, तिथून केस धरून आणला होता. अंगावर कोंडा चिकटलेला, जबडा टॉवेलनं बांधलेला. गुणवंतराव नागपूरला पळाले होते, मग जो सापडला तो हाच. आणि राग काय एकट्या अजीमचा होता? अकरा तासांच्या अंधाराचा होता, बंद पडलेल्या मिलचा होता, समोरून भाऊ भाऊ म्हणावं लागल्याचा होता. तो सगळा राग अजयच्या पाठीवर उतरत होता. एक दंड आधीच मोडून लोंबत होता.

"सरका, सरका! सादिकभाऊ आले!" बिरजू हमालानं वाट केली आणि त्याच्या हातात बल्ली दिली. "घ्या भाऊ. डोक्यावरच्या घावाचा मान तुमचा. आमी तुमच्यासाठीच ठेवलं त्याले."

अजयनं मान वर केली. एका उघड्या डोळ्यानं तो सादिककडे पाहत राहिला. त्याला बोलता येत नव्हतं. ते सादिकनंच करून ठेवलं होतं. घशातून नुसता घरघर आवाज निघत होता.

सादिकला वाटलं, घालावा. खरंच वाटलं. एक घाव आणि सगळं संपतं. दुनियेत दुसऱ्या कोणाला कळणार नाही. चहा आठवला, पाना आठवला. त्याचा हात वर गेला आणि गर्दीतून आवाज उठला, घाला भाऊ, घाला!

त्यानं बल्ली फेकून दिली.

"यानं नाई मारलं अजीमले," तो म्हणाला. "हा बत्ती चालू ठेवून उभा होता. अजीमनंच सांगतलं होतं. मीच विझवली. मीच मारलं."

कोणीतरी म्हणालं, "भावाच्या मौतीनं डोस्कं फिरलं बिचाऱ्याचं." दुसरा म्हणाला, "घरी न्या रे सादिकभाऊले." आणि बिरजूनं दुसरी बल्ली उचलून अजयच्या पाठीत हाणली. अजय तोंडावर पडला. चार-पाच जण एकदम पुढे सरले.

सादिक अजयच्या अंगावर पालथा पडला. पहिले दोन घाव त्याच्या खांद्यावर बसले, तिसरा कंबरेत. "अबे, सादिकभाऊले लागून राह्यलं! थांबा!" कोणी ओरडलं. त्याला ओढायला हात आले. तो चिकटून राहिला.

तेवढ्यात गर्दी मागून फुटली. जाहिदा आली होती. पांढरी ओढणी, पायात काही नाही. माती दिली त्याच दिवशी विधवा बाई उंबऱ्याबाहेर येते काय, म्हणून म्हातारे कुजबुजले, पण तिला अडवायची हिंमत कोणाला झाली नाही. कोणीतरी घरी जाऊन तिला सांगितलं होतं की तुझा जेठ वेड्यासारखा बोलून राह्यला.

"भाईजान, काय बोलले तुम्ही?"

सादिकनं मान वर केली, पण अजयवरून उठला नाही. "बत्ती मी विझवली, जाहिदा. माश्या उठल्यावर विझवायची नसते. हा नोको नोको म्हणत होता. मी याचा जबडा फोडला अन् विझवली."

"तो काय बोलला वरून?"

"चालू कर म्हणाला."

"मंग?"

"फ्यूज मी फेकून देला होता. मले तो सापडला नाई."

सादिकनं टाकलेली बल्ली जाहिदानं उचलली. ती जड होती, तिला दोन्ही हात लावावे लागले. पहिला घाव सादिकच्या पाठीवर बसला आणि लोक मागे हटले. तिच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता, शिवी नाही की रडणं नाही. बिरजू तिला धरायला पुढे झाला, तर सादिकच जमिनीवरून ओरडला, "हात नोको लावू तिले!"

त्यानं अजयचं डोकं आपल्या छातीखाली ओढून घेतलं आणि डोळे मिटले. जाहिदा थकेपर्यंत मारत राहिली.